बोळाच्या अलीकडे

कोरीननं अंगठा जिभेला लावला आणि भिंतीवरची पेन्सिलीची रेघ पुसायला घेतली. वर्षानुवर्षं तेल पिऊन लाकूड गुळगुळीत झालं होतं, रेघ चटकन निघाली. तरी ती घासतच राहिली.

"अजून थोडं घासलंस तर भिंत तूच पाडशील," आयडा म्हणाली. "सुताराचे कष्ट वाचतील."

आयडा तिची धाकटी बहीण. बोळाच्या तोंडाशी चाकांच्या खुर्चीत बसली होती. उन्हाळ्यात स्वयंपाकघरात पडून तिचा खुबा मोडला, आणि इस्पितळातच अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली. दोनच दिवसांपूर्वी घरी आली होती. पण घरी म्हणजे दिवाणखान्यापर्यंतच. झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर बोळाच्या पलीकडे होतं, आणि बोळ एवढा अरुंद की धडधाकट माणसालाही खांदा तिरका करून जावं लागे. खुर्ची आत शिरण्याचा प्रश्नच नव्हता. दोन रात्री आयडा खिडकीखालच्या बाकावर झोपली होती आणि शेजारची बाई येऊन तिला स्वयंपाकघरात ओल्या टॉवेलनं पुसून जात होती.

रेघ मारणारा सुतार ड्वेन बाहेर आपल्या पिकअपला टेकून उभा होता. बहिणींचं बोलणं कुठे चाललंय हे ओळखून तो स्वतःच बाहेर गेला होता.

"वीतभर सरकवायची आहे, कोरी. वीतभर."

"वीतभर म्हणजे सगळंच. हे एका ओंडक्याचं लाकूड आहे. इथून त्या खिडकीपर्यंत रेषा कशा सलग जातात बघ. मध्येच कापलं तर—"

"कुठून कुठे जातात ते मला नको सांगूस. तेल कोण लावतं त्यांना?"

कोरीननं अंगठा स्कर्टला पुसला. "पुढच्या महिन्यात शहरातून त्या जुन्या वास्तू जपणाऱ्या ट्रस्टची माणसं यायची आहेत. घर होतं तसं आहे, म्हणूनच ती येतायत. खिळासुद्धा बदललेला नाही असं घर उभ्या ओक्लाहोमात दाखव मला. ब्लेडसोंचं गोल घर गेलं. बँक गेली, तिथे आता गाड्या लावतात. डॅडींचं एवढं एकच राहिलंय."

"घर राहिलं पाहिजे, मला मान्य आहे," आयडा म्हणाली. "पण मग मी कुठे राहू?"

याचं उत्तर कोरीननं तयार ठेवलं होतं. रात्री पडल्या पडल्या तिनं ते जुळवलं होतं, आणि आता ते बोलताना ती बहिणीकडे न बघता भिंतीकडे बघत होती. हायवेलगतचं शुश्रूषा केंद्र चांगलं आहे. तिथे रोज व्यायाम करून घेतात. काही महिन्यांचाच प्रश्न आहे. पायात जोर आला की काठी घेऊन बोळातून जाता येईल. तेवढ्यासाठी भिंत कायमची कापायची का?

पाय पुन्हा चालतील असं डॉक्टर कधीच म्हणाला नव्हता. दोघींनाही ते माहीत होतं.

आयडानं डाव्या हातानं मांडीवरची शाल नीट केली. मग मान वळवून दाराकडे तोंड करून ओरडली, "ड्वेन! जा बाबा घरी. भिंत जिंकली."

घर त्यांच्या वडिलांनी बांधलं होतं. ऑर्व्हल प्रेथर हे वेरडेल गावातले एकमेव वास्तुशिल्पकार. गावात त्यांनी सात-आठ इमारती उभ्या केल्या, आणि त्यातली एकही चौकोनी नव्हती. स्वतःचं घर तर त्यांनी ओढ्याकाठच्या खडकावर असं बसवलं होतं की खडक कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली, ते बोट ठेवून दाखवता येत नसे. छप्पर पंख पसरल्यासारखं खाली आलेलं. काटकोन औषधालाही नाही. पलंग तिरपे, म्हणून चादरीसुद्धा आईला घरी शिवाव्या लागत. गावातली माणसं जाता-येता हसायची. याला घर म्हणायचं की चेपलेली टोपी, असं म्हणायची. मुली शाळेत गेल्या की पोरं विचारायची, तुम्ही चालतानाही तिरप्या चालता का गं?

बोळ वडिलांनी मुद्दाम ठेवला होता. माणसाला आधी आवळायचं, मग सोडायचं, असं ते सांगत. दिवाणखान्यातून अंधाऱ्या बोळात शिरलं की छत डोक्याला लागतंय असं वाटे, दोन्ही खांद्यांना लाकूड घासे, आणि चार पावलांत एकदम पलीकडच्या खोल्यांचा उजेड अंगावर येई. काचेतून खालचं तळं, त्यामागे ओकची झाडं. लहानपणी दोघी मुली डोळे मिटून त्यातून धावत जायच्या.

कोरीन शिकायला टल्साला गेली ती तिथेच राहिली. शाळेत चित्रकला शिकवली, लग्न केलं, मोडलं. आयडा घरीच राहिली. दाताच्या डॉक्टरांकडे कामाला होती, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, छप्पर गळायला लागलं की पातेली मांडायची. आई गेली, वडील गेले. निवृत्त होऊन कोरीन गावी परतली तेव्हा वडिलांच्या इमारती एकामागून एक पडत होत्या, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. ब्लेडसोंच्या घरासमोर ती फलक घेऊन दिवसभर उभी राहिली. यंत्रानं पहिला घास घेतला तेव्हा तिच्या शेजारी एक कुत्रं तेवढं होतं. त्याच आठवड्यात तिनं वडिलांच्या इमारती वाचवायला संस्था काढली. आधी लोकांनी तिला वेड्यात काढलं, मग हळूहळू तिच्या सभांना खुर्च्या कमी पडू लागल्या. वेरडेलमधली नवी तरुण माणसं आता त्या वाकड्यातिकड्या घरांचे फोटो भिंतीवर लावत होती. हे तिनं एकटीनं घडवून आणलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

ट्रस्टची माणसं आली, बोळातून जाऊन आली, आणि पलीकडे पोचल्यावर त्यातला एकजण काचेपाशी उभाच राहिला. हे बघायला वडील हवे होते, असं कोरीनला वाटलं. करार झाला. घराच्या आत-बाहेर यापुढे कुणीही, मालकांनीसुद्धा, काही बदलायचं नाही. त्यातली कलमं बहुतेक कोरीननंच सुचवली होती. घर दोघींच्या नावावर होतं, म्हणून आयडाची सही घ्यायला ती केंद्रात गेली. आयडानं डाव्या हातानं सही केली. अक्षरं लहान पोरानं काढल्यासारखी आली.

"वाचून तरी बघ," कोरीन म्हणाली.

"तू वाचलंयस ना," आयडा म्हणाली. "जेली खाणार का? इथे रोज जेली असते. हिरवी."

केंद्रातली खोली चौकोनी होती. दार इतकं रुंद की, आयडा म्हणायची, गाय आत आली तरी तिला वळून परत जाता येईल. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसे. कोरीन दर बुधवारी जायची. बरोबर काहीतरी गोड न्यायची आणि घराच्या बातम्या सांगायची. छपराचं काम कसं निघालं, कुठल्या मासिकात फोटो आले, किती लांबून माणसं बघायला आली. आयडा ऐकायची, मध्येच एखादा नेमका प्रश्न विचारायची. ईशान्येकडच्या पन्हाळीत पानं अडकतात, ती काढली का? ओढ्याकडची खिडकी आधी उचलून मग ढकलायची, हे त्यांना सांगितलंस का? कोरीन ते मनात धरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी कार्यकर्त्यांना सांगायची.

काठीचा विषय कधी निघाला नाही.

ऑक्टोबरात घर सगळ्यांसाठी खुलं ठेवायचा दिवस आला, तेव्हा कोरीननं ठरवलं की आयडाला आणायचंच. केंद्राची गाडी मिळाली, खुर्चीसकट वर उचलून घेणारी. आयडानं केस सेट करून घेतले होते, निळं जाकीट घातलं होतं. गाडी ओढ्यावरच्या पुलावरून वळली आणि झाडांमधून छपराची कड दिसली. आयडानं जाकिटाचं वरचं बटण काढलं आणि पुन्हा लावलं.

दिवाणखान्यात गर्दी होती. स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर अक्रोडासारख्या पेकानच्या वड्या आणि थंड चहा मांडला होता. कुणीतरी आयडाची खुर्ची शेकोटीजवळ नेऊन ठेवली, हातात चहा दिला. कोरीन पाहुण्यांचा घोळका घेऊन बोळापाशी उभी होती. बोलता बोलता तिची नजर तिकडे गेली. आयडानं दोन घोट घेतले आणि कप शेकोटीच्या दगडी कडेवर ठेवला, न बघता, जसा ती आयुष्यभर ठेवत आली होती.

लगेच एक गृहस्थ पुढे आले. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, गावात नवे, संस्थेतही नवे. गळ्यात ओळखपत्र होतं. ते अदबीनं वाकले.

"बाई, दगडावर काही ठेवू नका हं. डाग पडतो. आणि तिथे हातही नका टेकू, प्लीज."

आयडानं कप उचलून मांडीवर घेतला. "माफ करा," ती म्हणाली. "लक्षात नाही आलं."

"बऱ्याच जणांच्या येत नाही," ते समजुतीनं म्हणाले.

ही कोण आहे ते सांगायला कोरीननं पुढे व्हायला हवं होतं. पण बारा-पंधरा माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती आणि वाक्य अर्धवट राहिलं होतं. तिनं ते पुरं केलं. "आधी आवळायचं, मग सोडायचं," ती म्हणाली. "चला, एकेक जण. खांदे सांभाळून."

माणसं हसत, कुजबुजत आत शिरली. पलीकडून अपेक्षेप्रमाणे 'अरे वा' ऐकू आलं. सगळ्यात शेवटी कोरीन गेली. आयडाची खोली आता आयडाची नव्हती. पलंगावर वडिलांच्या काळातली चादर घातली होती, टेबलावर वडिलांची पट्टी आणि कंपास मांडले होते. आयडाची औषधं, रेडिओ, विणकाम कुठल्याशा खोक्यात बांधून ठेवलं होतं. कुठल्या, ते कोरीनला त्या क्षणी आठवेना.

"कोरी!"

ती वळली. बोळाच्या त्या टोकाला आयडानं खुर्ची आणून लावली होती. चाकं दोन्ही बाजूंच्या लाकडाला टेकली होती. मागे दिवाणखान्याचा उजेड होता, त्यामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता.

"काय गं?"

"माझ्या खिडकीतून काय दिसतंय?"

सगळ्या पाहुण्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. कोरीननंही पाहिलं.

"तळं," ती म्हणाली. "पाणी बरंच खाली गेलंय."

"आणि?"

"ओक तांबूस झालेत. पलीकडच्या काठावर हरणं आहेत. दोन."

"पिल्लू असेल त्यांच्यात. वाकून बघ, गवतात बसतं ते."

कोरीन काचेपाशी वाकली. तिला पिल्लू दिसलं नाही.

"आहे," ती मोठ्यानं म्हणाली.

"बरं," आयडा म्हणाली. मग चाकं मागे सरकल्याचा आवाज आला.

परतताना गाडी कोरीन चालवत होती. मागे खुर्ची पट्ट्यांनी बांधलेली, तीत आयडा. आरशात तिचं कपाळ आणि सेट केलेले केस तेवढे दिसत होते. ओढ्यावरचा पूल मागे पडला. मग काहीतरी बोलायचं म्हणून कोरीन म्हणाली, "बोळ लोकांना फारच आवडला आज."

"हो. डॅडींना नव्हता आवडत शेवटी."

"काहीतरीच काय."

"तू कुठे होतीस तेव्हा," आयडा म्हणाली. आवाजात टोचणी नव्हती. "मम्मीचे पाय गेले ना, त्यानंतर. ती दोन वर्षं."

"मम्मी शेवटपर्यंत दिवाणखान्यात येऊन बसायची. मी यायचे ना ख्रिसमसला."

"तू यायचीस तेव्हा ती खुर्चीत बसलेलीच असायची. कशी आली ते तू कधी विचारलंस?"

कोरीननं आरशातून नजर काढून रस्त्यावर ठेवली.

"मी आणायचे," आयडा म्हणाली. "सकाळी बाहेर, रात्री आत. उचलून. आडवं व्हायचं, खेकड्यासारखं, तिचं डोकं माझ्या खांद्यात आणि पाय पुढे. हळूहळू. ती म्हणायची, आयडा, आपण दोघी म्हणजे अरुंद जिन्यातून नेलेला पियानो आहोत. आणि हसायची. हसली की जड व्हायची."

पुढे एक ट्रक चालला होता. कोरीननं वेग कमी केला.

"एकदा तिचं कोपर घासलं, रक्त आलं. दुसऱ्या दिवशी डॅडी करवत घेऊन आले. कापणार म्हणाले भिंत. मी चालणाऱ्या माणसांसाठी घर बांधलं, मूर्ख होतो, म्हणाले. रडत होते. मी करवत काढून घेतली हातातून. म्हटलं, कापायचं नाही. माझे हात आहेत की."

"तू नाही म्हणालीस?"

"मीच. इतकी सुंदर भिंत. तेव्हा हात होते."

केंद्राकडे जाणारं वळण आलं. कोरीननं गाडी वळवली. वळून झाल्यावरही वळणाच्या दिव्याची टिकटिक चालू राहिली. "बंद कर तो," आयडा म्हणाली, तेव्हा तिनं बंद केला.

"मला सांगितलं का नाहीस? ड्वेन आला होता, त्या दिवशी?"

"सांगितलं असतं तर तू लोकांना सांगत बसली असतीस," आयडा म्हणाली. "छान गोष्ट आहे ना. बोळाशी उभं राहून सांगायला."

एक आठवडा गेला. मग तिनं ट्रस्टला फोन लावला. समितीच्या प्रमुख बाई तिच्या जुन्या परिचयाच्या होत्या, तिच्या भाषणांना पहिल्या रांगेत बसणाऱ्या. कोरीननं त्यांना विचारलं, एका भिंतीपुरता करारात फरक करता येईल का? वीतभर. घरातल्याच माणसासाठी. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना खरोखरच वाईट वाटलं. पुढच्या बैठकीत त्यांनी विषय मांडलासुद्धा. पण उत्तर आलं ते नाहीच.

"कोरीन, तूच तर सांगितलंस आम्हाला," त्या फोनवर म्हणाल्या. "घरातलं माणूस आज आहे, उद्या नाही. घराला आपल्याशिवाय कोण आहे? मी तुझं हे वाक्य दहा ठिकाणी सांगते."

बुधवारी कोरीननं ते आयडाला सांगितलं. आयडा हसली. हसता हसता ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

"चांगलं शिकवलंस त्यांना," ती म्हणाली. "जाऊ दे. त्यांचंही बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असते तर मीसुद्धा नाहीच म्हटलं असतं. म्हटलंच होतं की." मग तिनं टीव्हीचा आवाज वाढवला. तिचा आवडता प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम लागायची वेळ झाली होती.

हिवाळ्यात तिच्या छातीत कफ झाला, पण त्यातून ती उठली. वसंतात घर पुन्हा खुलं होणार होतं. कोरीननं विचारलं, येतेस का. आयडा म्हणाली, "मी पाहिलंय ते घर."

त्या दिवशी ऊन छान होतं. टल्साहून एक बस भरून माणसं आली होती. कोरीननं छप्पर दाखवलं, खडक दाखवला, लाकडातल्या रेषा खिडकीपर्यंत कशा जातात ते दाखवलं. बोळापाशी आल्यावर ती थांबली. घोळक्यातल्या एक वयस्क बाई, हातात काठी, पुढे होऊन आत डोकावल्या.

"किती अरुंद गं बाई," त्या म्हणाल्या. "तुमचे आईवडील म्हातारपणीही इथेच होते ना? मग शेवटी शेवटी कसं करायचे?"

"घरात मुलगी होती," कोरीन म्हणाली.

बाईंनी तिच्या दंडावर मायेनं हात ठेवला. "म्हणजे तुम्ही."

"नाही," कोरीन म्हणाली. "माझी बहीण."

बाई आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून थांबल्या. मागची माणसंही थांबली. कोरीननं बाजूला होऊन त्यांना वाट करून दिली. एकेक जण खांदे तिरके करून आत गेला. पलीकडून 'अरे वा' ऐकू आलं, कुणीतरी तळ्याबद्दल काही विचारलं, मग पुन्हा विचारलं. कोरीन अलीकडेच उभी राहिली.